सगळं आहे, पण एका खिडकीत नाही

कोथरूड, पुणे

प्रिय सुमे,

तुझा मैलभर लांब मेसेज वाचला. त्यातली काळजी, चिडचिड आणि विमानाच्या तिकिटांचे दर बाजूला काढले तर खाली एकच प्रश्न उरतो : "कुणाला फोन करायचा, तेवढं सांग." बाई गं, इथला घोळ तोच तर आहे.

तुझ्या सासूबाईंचा खुबा मोडला तेव्हा लीड्समध्ये काय काय झालं ते तूच मला रंगवून सांगितलं होतंस. कौन्सिलकडे नाव नोंदवलं, एक बाई घरी येऊन जिना आणि न्हाणीघर मोजून गेली, हजार पौंडांच्या आतलं किरकोळ काम फुकटात झालं. मोठ्या कामाला इंग्लंडात 30,000 पौंडांपर्यंत अनुदान मिळतं, तेही उत्पन्न बघून, आणि त्यासाठी किती ताटकळावं लागतं यावरून तू घातलेल्या शिव्याही माझ्या लक्षात आहेत. पण शिव्या कुणाला घालायच्या एवढं तरी तुम्हाला ठाऊक असतं. इथे मदत भरपूर आहे, फक्त ती सतरा ठिकाणी विखुरलेली. दाखला एका सरकारी रुग्णालयात, न्हाणीघरात दांडी बसवणारा प्लंबर तिसऱ्याच पेठेत, कमोडची खुर्ची कुठल्याशा ट्रस्टच्या तळघरात आणि मदतनीस ब्युरोच्या वहीत. या सगळ्यांची मोट बांधणारं खातं नाही. ती घरातलंच कुणीतरी बांधतं, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा बाईच असते. तुमच्याकडे इतकी वर्षं तुझी आई, म्हणजे आमच्या काकू होत्या. आता त्यांचेच गुडघे बोलायला लागलेत.

म्हणून तुझ्या माहेरी जाऊन आले. काकूंनी आधी साबुदाण्याची खिचडी पुढे केली आणि मग तक्रारी वाढल्या. पार्किन्सन्समुळे काका दारात अडकतात, रात्री तीनदा उठतात, आंघोळीला एक तास लावतात. काका शेजारीच बसून शब्दकोडं सोडवत होते. आपल्याबद्दल चाललेलं बोलणं परक्याबद्दल असावं अशा थाटात. मी सरळ त्यांनाच विचारलं, "काका, तुम्हाला काय हवंय?" पेन खाली न ठेवता म्हणाले, "कट्टा." दुसरा मजला उतरून कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर दोस्तांबरोबर अर्धा तास. दिवाळीनंतर ते खाली उतरलेलेच नाहीत, कारण सगळ्यांना जिन्याची धास्ती.

आता गंमत ऐक. पार्किन्सन्समध्ये पाय जमिनीला खिळतात ते मुख्यतः सपाट जमिनीवर, वळताना आणि दाराच्या चौकटीत. अशा काही माणसांना जिना त्या मानाने सोपा जातो, कारण पुढचं पाऊल कुठे टाकायचं हे पायरी डोळ्यांना सांगते. पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनर मुलीने हेच स्वतःच्या काकांच्या बाबतीत पाहिलं. ते जिना झपझप उतरायचे आणि सपाटीवर आले की थबकायचे. मग तिने जमिनीवर पायऱ्यांचा आभास होईल असं चित्र अंथरलं आणि तिचे काका त्यावरून चालत गेले. हात थरथरला तरी चहा सांडू नये म्हणून आत वळलेल्या काठाचा कपही तिने केला. 2015 मधलं तिचं टेड व्याख्यान इंटरनेटवर आहे, ते आपल्या काकांना दाखव. आपल्या घरी एवढा थाट नको. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, एकेका पावलाच्या अंतरावर, फरशीच्या रंगाहून उठून दिसणाऱ्या टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवायच्या. दाराच्या चौकटीत एक पट्टी हवीच. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून पावलाचं माप घ्यायचं. आपल्या अंदाजाने नको.

जिन्याचंही तेच. आधी फिजिओने काकांना स्वतः उतरवून बघावं. तुमच्या जिन्याला एकाच बाजूला कठडा आहे, भिंतीकडून धरायला काही नाही. तिथे दुसरी दांडी लागली की दोन्ही हात कामी येतात. त्यासाठी सोसायटीची परवानगी लागेल. सेक्रेटरी चांगले आहेत, पण अर्ज लेखी द्यायचा. उतरताना मदतनीसाने एक पायरी खाली, काकांच्या पुढे राहायचं, चढताना मागे. आणि गोळीचा अंमल चांगला असेल त्याच वेळी निघायचं. तुला ठाऊकच आहे, गोळी घेतल्यावर काही वेळाने शरीर मोकळं होतं आणि पुढच्या गोळीच्या आधी पुन्हा आखडतं. आंघोळ, व्यायाम, कट्टा हे सगळं त्या मोकळ्या वेळात बसवलं तर निम्मी भांडणं मिटतील. गोळी जेवणाआधी किती वेळ घ्यायची हेही डॉक्टरांना नीट विचारून ठेव, कारण डाळ, पनीर, अंडी यांतली प्रथिनं तिच्या शोषणात आडवी येतात.

तू विचारलेला उतार मात्र जमणार नाही. नियमाप्रमाणे एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार लागतो. तुमच्या इमारतीच्या दाराशी सहा-सहा इंचांच्या दोन पायऱ्या, म्हणजे बारा फूट. आणि पेठेत दारातून बारा फूट पुढे गेलं की तू पलीकडच्या भांड्यांच्या दुकानात उभी असतेस. तिथेही दांडीच लावायची.

आता न्हाणीघर. तू ऑनलाइन पाहिलेली ती रबरी चोषकाची दांडी कृपा करून पाठवू नकोस. टाइलवर ती घट्ट बसल्यासारखी वाटते आणि भार आला की सुटते. स्टीलची, हाताची मूठ बसेल इतकी जाड दांडी हवी, भिंतीत अँकर बोल्टने बसवलेली. तुमच्या इमारतीला जुन्या विटांच्या भिंती आहेत, हे नशीब. हल्लीच्या नव्या फ्लॅटमधल्या हलक्या ठोकळ्यांच्या भिंतीत नेहमीचा बोल्ट धरत नाही, त्याला वेगळे खिळे-बोल्ट लागतात. एक दांडी कमोडच्या बाजूला, एक आंघोळीच्या खुर्चीजवळ, आणि टॉवेलची नळी तिथून काढूनच टाकायची. पडताना माणूस सगळ्यांत आधी तीच धरतो आणि तिच्यासकट खाली येतो.

दार आतल्या बाजूला उघडतं, हा मोठा धोका. काका आत पडले आणि दाराला टेकले तर बाहेरून ते उघडणारच नाही. दार बाहेर उघडेल असं फिरवायचं किंवा सरकतं करायचं, आणि कडी बाहेरून उघडता येईल अशी बसवायची. सुतार म्हणाला, चौकट तीच ठेवून होईल. दाराची रुंदी मोजली, जेमतेम दोन फूट. अपंगस्नेही बांधकामाच्या नियमांत 900 मिलिमीटर, म्हणजे तीन फुटांच्या जवळपास सांगितलंय. म्हणून चाकाची खुर्ची आज आणलीस तरी ती न्हाणीघराच्या दारातच अडेल. लहान चाकांची कमोड-खुर्ची जाते का ते बघू. कमोडची बैठक बुटकी आहे, तिच्यावर उंची वाढवणारं जादा आसन मिळतं. बादली जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवायची, किंवा सरळ हँड शॉवर घ्यायचा. उंबऱ्याची ग्रॅनाइटची पट्टी काढून तिथे किंचित उतार द्यायचा. आणि दाराबाहेरची ती काकूंनी स्वतः विणलेली पायपुसणी... ती काढायची कशी, हे काम तुझ्यावर सोपवते.

काकूंचा विषय वेगळा. घरात आजारी माणूस एकच आहे असं सगळे धरून चाललेत, त्याही. पूजेसाठी पाटावर बसतात आणि उठताना देव्हाऱ्याच्या कोपऱ्याला धरतात. मी म्हटलं, देव्हारा वर घेऊ, खुर्चीवर बसून पूजा करा. तर म्हणाल्या, "देवासमोर खुर्चीवर?" मी वाद घातला नाही. माझ्या सासूबाईंचीही हीच अडचण होती. देव्हारा भिंतीवर घेतला तेव्हा त्या उभ्याने पूजा करू लागल्या आणि खुर्चीचा प्रश्नच आला नाही. माळ्यावरचे डबे खाली आणायचे, रोजची भांडी कमरेच्या उंचीला. पलंगावर बसल्यावर पाय जमिनीला टेकतात का, तेही बघून आले. काकूंचे टेकत नाहीत.

हे सगळं नीट मोजून सांगणारं माणूस म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. तुझ्या सासूबाईंकडे आलेली बाई तीच असणार. आपल्याकडे फिजिओ सगळ्यांना ठाऊक, ही मंडळी फारशी कुणाला माहीत नाहीत. खरं तर आशियातलं हे शिक्षण देणारं पहिलं विद्यालय मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1950 साली सुरू झालं, आणि ते सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लुंडी. निंबकरांशी लग्न करून इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची. इतकी जुनी परंपरा असून घर बघायला थेरपिस्ट बोलवावी हे आपल्याला सुचत नाही. आपण थेट दुकानात जातो. आपल्या न्यूरॉलॉजिस्टकडून नाव मिळतंय का ते बघते. एकदा येऊन गेल्या की वर लिहिलेलं सगळं त्या तपासतील, आणि माझं कुठे चुकतंय तेही सांगतील.

विकत काहीही घेण्याआधी रुग्णोपयोगी साहित्य केंद्र आठव. पुण्यात ट्रस्ट, मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ अशी बरीच ठिकाणं वॉकर, चाकाची खुर्ची, कमोड-खुर्ची, डोकं वर करता येणारा पलंग, एअर बेड अनामत रक्कम ठेवून नाममात्र भाड्याने देतात. वस्तू वापरून बघायची, जमली तर विकत घ्यायची. वॉकर तर पार्किन्सन्समध्ये प्रत्येकाला जमतोच असं नाही, उचलून पुढे ठेवायचा साधा वॉकर काहींना उलट अडकवतो. आधी भाड्याचा आणू.

कागदपत्रांचं मात्र तू घे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले, आणि त्यांत पार्किन्सन्स आहे. हे अनेक घरांना ठाऊकच नसतं. "आम्ही काय अपंग आहोत का?" असं म्हणून अर्जच करत नाहीत. काकाही म्हणतील. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. अर्ज ऑनलाइन भरता येतो, म्हणजे लीड्समधूनही भरशील. नंतर तपासणीला मात्र काकांना सरकारी रुग्णालयात न्यावं लागेल. कार्डाचा रंग टक्क्यांवर : 40 च्या खाली पांढरा, 40 ते 80 पिवळा, त्यापुढे निळा. बहुतेक सवलती 40 टक्क्यांपासून सुरू होतात. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत पार्किन्सन्सच्या उपचारखर्चावर ज्येष्ठांना 1 लाखापर्यंत वजावट आहे, तिलाही 40 टक्क्यांची अट आहे. काकांच्या सीएला विचार.

दुसरं, 70 वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारतमध्ये घेतलंय. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचं; घरी येणारी मदतनीस, फिजिओ, दांड्या यांतलं काही त्यात बसत नाही. कार्ड दोघांचंही काढून ठेव, आणि त्यावर विसंबून घरखर्चाचं गणित मांडू नकोस. मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे 3,000 रुपये काकांना मिळणार नाहीत, त्यांचं पेन्शन आड येतं. पण तुमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींच्या आईला मिळू शकतात : 65 पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत. चष्मा, काठी, श्रवणयंत्र अशा गोष्टींसाठी एकदाच, थेट बँकेत. अर्ज मी भरून देणार आहे. तुझ्या आईवडिलांना सांभाळणाऱ्यांच्या घरीही आईवडील असतात.

त्यावरून ब्युरोवर येते. काकांसाठी पुरुष मदतनीस मागायचा. ब्युरोत त्यांना मामाच म्हणतात. सुरुवात दिवसाच्या बारा तासांनी करू. चोवीस तासांचा माणूस ठेवायचा तर त्याने झोपायचं कुठे, हा त्या दोन खोल्यांमधला पहिला प्रश्न. पोलीस पडताळणीचा कागद मागायचा, ब्युरोचं कमिशन किती आणि माणसाच्या हातात किती पडतं हे विचारायचं, सुट्टीच्या दिवशी बदली कोण हे आधी ठरवायचं. कामाची यादी कागदावर : गोळ्या, व्यायाम, आंघोळ, जिना. "घरात जरा हातभार लाव" असलं काही नको, नाहीतर महिन्याभरात तो भांडी घासत असेल आणि काका पलंगावर असतील. काखेत हात घालून उचलायचं नाही, हे फिजिओकडून त्याला शिकवून घ्यायचं. खांद्याला इजा होते. त्याच्या चहा-जेवणाचं पहिल्याच दिवशी ठरवायचं. मी एका ओळखीच्या घरात नुसत्या जेवणावरून चांगला माणूस गेलेला पाहिलाय.

काकांना माणसं हवीत, एकटा मामा पुरणार नाही. पार्किन्सन्स मित्रमंडळ पुण्यात वर्षानुवर्षं चालू आहे. रुग्ण आणि घरचे दोघंही जमतात, आणि काकूंना तिथे आपल्यासारख्या दहा बायका भेटतील. नर्तक हृषीकेश पवार यांनी पुण्यात पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेतले, हे सांगितल्यावर काकांनी प्रथमच पेन खाली ठेवलं. "नाच? मी?" आणि मग हसले. ते हसू मी नोंदवून ठेवलंय.

आता तू शेवटी घाबरत घाबरत लिहिलेलं. "त्यांना दुसरीकडे हलवू का?" हलवणं पाप नाही. नवी पेठेतला निवारा वृद्धाश्रम 1863 पासून आहे, म्हणजे घराबाहेर म्हातारपण काढणं पुण्याला अजिबात नवं नाही. अथश्रीसारख्या ज्येष्ठांच्या वसाहती आहेत, तिथे आपला स्वतंत्र फ्लॅट, लिफ्ट, रुंद दारं, बोलायला समवयस्क. पण त्या मुख्यतः स्वतःच्या पायांवर वावरणाऱ्यांसाठी. पुढे चोवीस तास शुश्रूषा लागली तर ती कोण देणार, हे सही करण्याआधी लेखी विचारायचं. तिसरा मार्ग, पेठेतच लिफ्ट असलेल्या इमारतीत भाड्याने. तुमच्या इमारतीचा पुनर्विकास कधीपासून चर्चेत आहे, तो झालाच तर दोन-तीन वर्षं बाहेर राहावंच लागेल. पुनर्विकासाच्या सभेला मी काकांच्या वतीने जाते. नकाशात पायरीशिवाय प्रवेश, खुर्ची मावेल अशी लिफ्ट आणि न्हाणीघराची रुंद दारं आत्ताच मागून घ्यायला हवीत. एकदा विटा चढल्या की कुणी ऐकत नाही. मात्र आज या महिन्यात हलवू नये असं माझं मत. त्यांचा कट्टा इथे आहे.

तर वाटणी अशी. मी : प्लंबर, सुतार, साहित्य केंद्र, सोसायटीचा अर्ज, मामाची मुलाखत. तू : यूडीआयडी आणि आयुष्मानचे अर्ज, सगळे रिपोर्ट स्कॅन करून एका फोल्डरमध्ये, गोळ्यांचं वेळापत्रक मोठ्या अक्षरात छापून, मामाचा पगार दर महिन्याला ठरल्या तारखेला, आणि डॉक्टर-फिजिओ-मी असा एक व्हॉट्सअ‍ॅप गट. यातलं एकही काम करायला पुण्यात असावं लागत नाही. तू लांब आहेस म्हणून काही करू शकत नाहीस असं जे स्वतःला सांगत बसतेस ना, ते आता पुरे. मोट बांधण्याचं निम्मं काम फोनवर आणि कागदावरच असतं, आणि तू तर आयुष्यभर ऑफिसात तेच केलंस. शिवाय ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइन आहे, सकाळी 8 ते रात्री 8. हा नंबर काकूंच्या फोनमध्ये टाकून आले आहे.

एकच विनंती. फोनवर काकूंना "काही लागलं तर सांग हं" असं म्हणू नकोस. त्या जन्मात सांगणार नाहीत. "मंगळवारी फिजिओ आले का? पट्ट्या चिकटल्या का? काका कितव्या पायरीपर्यंत उतरले?" असं विचार. उत्तर द्यावंच लागेल असे प्रश्न.

तुझीच,
कुंदा